दहाव्या ओळीपासून पुढं

गुरुवारी सकाळी दत्ता पॉलिहाउसच्या दारातच उभा राहिला. आत आला नाही. चपला काढायच्या, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि मगच आत यायचं, हा नियम त्यानंच केला होता. आज त्याला तेवढाही वेळ घालवायचा नव्हता.

"भाभी, सोमवारी सकाळी आठ माणसं येत्यात," तो म्हणाला. "दहाव्या ओळीपास्नं पुढचं समदं उपटायचं. कुंड्या रिकाम्या करून भुसा बांधावर टाकायचा. आन् रागावू नका, पर तुमीबी तवर दुसरीकडं काम बघून ठिवा."

हमीदाच्या हातात जरबेराचं एक पान होतं. दत्ताला दाखवायलाच तिनं ते तोडून ठेवलं होतं. पानाच्या शिरा हिरव्या होत्या, शिरांच्या मधला भाग पिवळा पडला होता आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

"दत्ताभाऊ, ह्यो रोग न्हाई. रोग असता तर असा एका ओळीवर थांबला नसता..."

"दीड महिना झाला ऐकतोय मी. पुण्याच्या सल्लागारानं सांगितलं खत वाढवा. वाढवलं. मग जास्तच बिघडलं. टाकीत काय कालवताय, किती कालवताय, हे तुमालाच ठावं."

एवढं बोलून तो मोटरसायकलवर बसला आणि सोलापूर रस्त्याकडं निघून गेला. फुलं खोक्यात भरायच्या टेबलाजवळ बसलेल्या रंगुबाईनं मान वर केली नाही. ती सुतळी सोडवत राहिली. सुतळीला गाठ नव्हतीच.

हमीदा मुलाणी तेव्हा चौतीस वर्षांची होती. माहेर दौंडचं. नवरा फिरोज चौफुल्याला गॅरेजात कामाला. यवतजवळच्या एका फुलांच्या कंपनीत तिनं पाच वर्षं काढली होती. ओळीतलं तण काढण्यापासून सुरुवात करून ती खतांच्या टाक्या सांभाळण्यापर्यंत पोचली होती. दत्ताच्या वडिलांनी, भांडगावच्या मारुतराव आबांनी, दहा गुंठ्यांवर पॉलिहाउस उभारलं, तेव्हा ते स्वतः तिच्या घरी आले होते. त्यांची ती जमीन चोपण, म्हणजे खारवट होती, उन्हाळ्यात वर क्षाराचा पांढरा थर धरायची. अशा मातीत जरबेरा येणार नाही म्हणून कुंड्यांत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं ठरलं. त्या भुशात स्वतःचं असं काही नसतं. झाडाला जे हवं ते रोज पाण्यातून द्यावं लागतं. म्हणून त्या झाडांचं सगळं जेवणखाण हमीदाच्या हातात होतं, आणि म्हणूनच ते बिघडल्यावर बोट तिच्याकडं वळणं साहजिक होतं.

दोन हजार पाच सालचा फेब्रुवारी चालू होता. चोवीस ओळींत सहा हजार झाडं. पहिल्या नऊ ओळी अशा दिसत होत्या की रस्त्यानं जाणारा थांबून बघावा. दहाव्या ओळीपासून पुढं मात्र खालची पानं पिवळी, मधली नवी पानं चुरगळलेली आणि लहान. पहिल्या कळ्या वर यायच्या, पण दांडा मानेत मऊ पडून वाकायचा.

दत्ता गेल्यावर हमीदा टाक्यांच्या खोलीत जाऊन बसली. काम गेलं तर दुसरं मिळालं असतं, त्याची तिला तितकी धास्ती नव्हती. पण 'मुलाणीच्या हमीदानं मारुतरावांची फुलं जाळली' हे यवतपासून दौंडपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, आणि पुन्हा कुणी तिच्या हातात टाकी दिली नसती. त्याहून वाईट म्हणजे, कदाचित ते खरंच असेल, असं तिला आतून वाटायला लागलं होतं. माणसाला रोज तेच तेच ऐकवलं की त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडतो.

ती उठली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.

कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत आणि बाकीची खतं दुसऱ्या टाकीत ठेवावी लागतात. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र आली तर चुन्यासारखा गाळ बसतो आणि झाडाला काहीच मिळत नाही. तिनं दोन्ही टाक्या तळापर्यंत उपसल्या. गाळ नव्हता. मग प्रत्येक ओळीत एका ड्रिपरखाली बाटली ठेवून दहा मिनिटं पाणी धरलं. चौथ्या ओळीत जेवढं, तेवढंच पंधराव्या ओळीत. शेवटी तिनं ईसी मीटर काढला. पाण्यात किती खत, किती मीठ विरघळलंय ते त्यावर आकड्यात दिसतं. टाकीतून येणारं पाणी एक पूर्णांक सहा. अगदी हवं तेवढं.

एकच टाकी, एकच पाइप, एकच पाणी. मग नवव्या आणि दहाव्या ओळीच्या मधे असं काय होतं?

तिनं चौथ्या ओळीतल्या कुंडीतून मूठभर भुसा घेतला, स्वच्छ फडक्यात बांधून पिळला आणि खाली वाटी धरली. मीटर बुडवला. दोन पूर्णांक एक. मग पंधराव्या ओळीतला भुसा पिळला. चार पूर्णांक सात.

मीटरच बिघडलाय की काय, म्हणून तिनं तो धुतला आणि पुन्हा बुडवला. चार पूर्णांक सात.

झाडं उपाशी नव्हतीच. ती मिठात उभी होती, आणि दीड महिना हमीदा त्यांना आणखी खत वाढत होती.

"रंगुमावशी," तिनं हाक मारली. "इकडं या जरा."

रंगुबाई आली. पन्नाशी ओलांडलेली, उभ्या अंगाची बाई. मारुतरावांच्या शेतात तिची वीस वर्षं गेली होती.

"कुंड्या भरल्या तवा मी दौंडला व्हते. माझ्या जास्मिनला टायफॉइड झाला व्हता. चार दिवस दवाखान्यात बसून व्हते मी. आठवतंय?"

"आठवतंय की."

"मी सांगून गेले व्हते. भुसा आधी कॅल्शियमच्या पाण्यात रातभर भिजवायचा, मग मीटर अर्ध्याच्या खाली येईस्तवर धुवायचा, आन् मगच भरायचा. दहाव्या ओळीपास्नं काय बदललं, मावशी?"

रंगुबाईच्या तोंडाकडं बघून हमीदाला वाटलं, आता ही बोलणार. पण ती म्हणाली, "मला काय ठावं? मी आपली सांगितलं त्ये केलं," आणि पदर खोचत बाहेर गेली.

शुक्रवारी दुपारी हमीदाचा धाकटा भाऊ अजीम आला. तो रांजणगावच्या एका कारखान्यात पाण्याच्या प्लांटवर ऑपरेटर होता. पहिली शिफ्ट संपवून, न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकल हाणत तो थेट भांडगावला पोचला. तिनं फोनवर फक्त एवढंच विचारलं होतं, की तुझ्याकडं पाणी तपासायचं काय असतं? तो पिशवीत दोन बाटल्या आणि प्लास्टिकचा एक डबा घेऊन आला.

"आपा, पयलं मीटर बघू," तो म्हणाला. एका बाटलीत ठरावीक आकड्याचं पाणी होतं. मीटर बरोबर निघाला. हमीदानं त्याला दोन्ही वाट्या दाखवल्या, पानं दाखवली, आणि सल्लागार फोनवर काय म्हणाला तेही सांगितलं.

अजीम पंधराव्या ओळीत उकिडवा बसला. भुसा हातात घेऊन चुरगळत राहिला.

"कुठनं येतंय ह्ये?"

"समुद्राकडनं. नारळाची सालं खाऱ्या पाण्यात भिजवत्यात, काथ्या काढत्यात, त्यातनं उरल्याला ह्यो भुसा. म्हणून तर धुवायचा."

"आपा, आमच्याकडं सॉफ्टनर हाय," तो सावकाश म्हणाला. "बॉयलरला जड पाणी चालत न्हाई. म्हणून पाणी एका टाकीतनं सोडत्यात. त्या टाकीत बारीक मणी असत्यात. मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठिवत्यात आन् त्याच्या बदली स्वतःजवळचं मीठ सोडत्यात. आत जड पाणी जातं, भाईर हलकं येतं. मला वाटतंय, तुजा भुसाबी त्येच करतोय."

हमीदानं हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हंजी मी रोज कॅल्शियम देते..."

"आन् भुसा त्ये मधीच गिळतोय. मॅग्नेशियमबी. झाडाला मिळतंय फकस्त मीठ आन् पोटॅश. तुमी जेवढं खत वाढवलं, तेवढं त्ये साठत गेलं."

"तळातनं पाणी भाईर जातच न्हाई," हमीदा म्हणाली. "कुंडीखाली थेंब दिसला तर दत्ताभाऊ वरडतो. पाणी वाया जातं म्हणून."

तपासण्याची सोय अजीमच्या डब्यात होती. पाण्याचा जडपणा मोजायची थेंबांची बाटली. पण तो डबा उघडणार तेवढ्यात हमीदानं त्याचा हात धरला.

"आत्ता नगं. उद्या कर. आबांच्या म्होरं."

तिला वाटत होतं, आज आपण दोघांनीच बघितलं तर उद्या दत्ता म्हणेल, बहीणभावानं मिळून रचलं. शिवाय खोटं ठरलो तर तेही सगळ्यांसमोरच ठरू दे.

शनिवारी अजीमची सुट्टी होती. सकाळी अकरा वाजता टाक्यांच्या खोलीबाहेर फुलांचं टेबल आणून ठेवलं. मारुतराव काठी टेकत आले आणि खुर्चीवर बसले. ते बोलायला कमी, ऐकायला पक्के. दत्ता हाताची घडी घालून खांबाला टेकला. रंगुबाई लांब, पाण्याच्या पिंपाजवळ उभी राहिली.

अजीमनं तीन बाटल्या मांडल्या. एकीत टाकीतून येणारं खताचं पाणी. दुसरीत चौथ्या ओळीतल्या कुंड्यांचं पिळलेलं, फडक्यातून गाळलेलं पाणी. तिसरीत पंधराव्या ओळीचं. ते पाणी त्यानं सगळ्यांच्या देखत पिळून घेतलं होतं. मग प्रत्येकीत एका औषधाचे दोन-तीन थेंब आणि चिमूटभर पूड टाकली. पहिल्या दोन बाटल्यांतलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं. तिसरीतलं जेमतेम जांभळट.

"आबा, आता ह्या दुसऱ्या औषधाचा एक एक थेंब टाकतो," अजीम म्हणाला. "लाल रंग जाऊन निळा झाला की थांबायचं. जेवढे थेंब जास्ती, तेवढं त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्ती."

टाकीच्या पाण्यात त्यानं थेंब टाकायला सुरुवात केली. मारुतराव ओठातल्या ओठात मोजत होते. पंधरा. सोळा. सतरा. अठराव्या थेंबाला पाणी निळं झालं.

चौथी ओळ. दहा झाले, बारा झाले. लाल. अठरा झाले तरी लालच. विसाव्या थेंबाला निळं झालं.

"आता पंधरावी."

एक. दोन. तीन. चौथा थेंब पडला आणि अजीमनं बाटली हलवली. पाणी स्वच्छ निळं झालं.

मारुतरावांनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

"चारच?" ते म्हणाले.

"चारच, आबा," हमीदा म्हणाली. "मीठ चौथ्या ओळीच्या दुप्पट, आन् कॅल्शियम पाचवा हिस्साच. आपण टाकीतनं देतोय त्ये झाडापत्तर पोचतच न्हाई. भुसा धुतल्याला नसला, कॅल्शियममधी भिजवल्याला नसला, की असं व्हतं. उपटायची गरज न्हाई. आत्तापास्नं कॅल्शियमचं पाणी भरपूर सोडायचं, खालनं वाहू द्यायचं, मीठ भाईर काढायचं. झाडं अजून जिती हायेत. मुळं बघितली मी."

दत्ता खांबापासून सरळ झाला.

"म्हंजी भुसा धुतला न्हाई," तो म्हणाला. "मग धुवायचं काम कुणाचं व्हतं? भाभीचं. मी कवाचं ह्येच सांगतोय. चूक टाकीत न्हाई तर धुण्यात, पर चूक त्यांचीच."

मारुतरावांनी हमीदाकडं बघितलं. "पोरी, बोल."

हमीदाला कालपासून अंदाज आला होता. कुणीतरी धुणं अर्ध्यावर सोडलं होतं, आणि ती दवाखान्यात असताना इथं रंगुबाईच होती. एक नाव घेतलं असतं तर ती मोकळी झाली असती. रंगुबाई पिंपाला धरून उभी होती, आणि तिच्या बोटांची नखं पांढरी पडली होती.

"चूक कुणाची त्ये मागनं बघा, आबा," हमीदा म्हणाली. "आज लाइट धा ते सहा हाय. एक तास गेलाबी. आज पाणी सुटलं न्हाई तर एक दिस आणखी वाया."

"मागनं कशाला?" दत्ता पुढं आला. "आत्ताच ठरू द्या की. सहा हजार झाडांचा खेळ झालाय. आपल्या लेकरासाठी गेल्या, चांगलंच केलं, पर काम कुणावर तरी सोपवून..."

"तिनं सोपवलं व्हतं. माझ्यावर."

रंगुबाई पिंपापासून निघून टेबलापर्यंत आली होती. कुणाकडं न बघता ती मारुतरावांच्या पायांकडं बघत बोलत होती.

"नऊ ओळींचा भुसा मी धुतला, आबा. हिनं सांगितला तसा. तिसऱ्या दिशी मोटार जळली. चौफुल्याला वायंडिंगला न्हेली, दोन दिस लागत्यात म्हणाले. आन् त्याच दुपारी रोपांची गाडी आली. मी सांगितलं, ह्यो बाकीचा भुसा नुसता भिजवून फुगवलाय, ह्यो धुतलेला न्हाई." ती थांबली. मग दत्ताकडं बघून म्हणाली, "तुमी म्हणालात, रोपं गाडीत सुकतील, लावा. पुन्ना ड्रिपनं धुतलं जाईल. भाभीला मी सांगतो, म्हणालात."

तो नाही म्हणेल, असं हमीदाला वाटलं. पण तो तसं म्हणाला नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, आणि मग आठवलं, हेही दिसलं. आधी कपाळ आणि मग मान, असा तो लाल होत गेला.

"मग इतके दिस का बोलली न्हाईस?" मारुतरावांनी विचारलं.

"माझा मच्छिंद्र रांजणगावला दत्ताच्या वळखीनं लागलाय, आबा. कंत्राटदार दत्ताचा दोस्त हाय. उद्या एका फोननं काढून टाकला तर सूनबाई आन् नातवंडं घिऊन मी जाऊ कुठं?" रंगुबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "पर ह्या पोरीनं आत्ता माझं नाव घेतलं न्हाई. तिला कळलं व्हतं, तरी घेतलं न्हाई. मग मला कसं गप ऱ्हाववंल?"

मारुतरावांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. लेकाकडं न वळता त्यांनी हमीदालाच विचारलं, "पाणी किती लागंल?"

"शेततळ्यात हाय त्यातलं निम्मं. धा दिसांत."

"कालव्याच्या पाण्याचं आवर्तन अजून तीन आठवडं न्हाई." त्यांनी मनाशी हिशोब मांडला. "ठीक. उसाच्या पाण्याची एक पाळी चुकवू. सोड पाणी."

हमीदा टाक्यांच्या खोलीत पळालीच. पोटॅशचं खत तिनं पूर्ण बंद केलं. कॅल्शियम नायट्रेट बेतानंच कालवलं. एकदम कडक द्यावं तर आधीच भाजलेली मुळं जळाली असती. पावणेबाराला पंप सुरू झाला. अजीम आणि ती पंधराव्या ओळीत कुंड्यांखाली बघत वाकून बसले. वीस मिनिटं काही झालं नाही. मग एका कुंडीच्या तळाच्या भोकातून तपकिरी, चहाच्या रंगाचा थेंब पडला. मग शेजारच्या कुंडीतून. थोड्या वेळानं ओळीखालच्या पन्हळीतून पाणी वाहायला लागलं. हमीदानं त्यात मीटर बुडवला. पाच पूर्णांक दोन.

"निघतंय," ती म्हणाली. "मीठ निघतंय."

ते पाणी बांधाबाहेरच्या चरात सोडलं. रविवारी चार पूर्णांक एक. सोमवारी सकाळी उपटायला सांगितलेली आठ माणसं खरोखरच येऊन उभी राहिली. दत्ता त्यांना येऊ नका असं कळवायला विसरला होता, किंवा त्यानं मुद्दामच सांगितलं नव्हतं. मारुतरावांनी त्यांना चर लांब खणायच्या कामाला लावलं. त्या दिवशी आकडा साडेतीनवर आला.

आणि सोमवारीच दुपारी एक वाजता झाडं कोसळली.

उन्हं चढली तसं दहापासून चोवीसपर्यंत पान न् पान लुळं पडलं. ओल्या फडक्यासारखी पानं कुंड्यांच्या कडेवरून लोंबायला लागली. कुंड्या चिंब भिजलेल्या, आणि झाडं तहानेनं मेल्यासारखी. रंगुबाईनं तोंडावर हात धरला. दत्ता दारात आला, त्यानं बघितलं, आणि तो तसाच उभा राहिला. तो ओरडला असता तर हमीदाला बरं वाटलं असतं.

तिला काहीच सुचेना. तीन दिवस ओल्या भुशात मुळांना हवा मिळाली नसेल? की मुळं आधीच गेली होती आणि आपल्याला कळलं नाही? तिनं चौदाव्या ओळीतलं एक झाड कुंडीतून उपसलं. बाहेरची मुळं तपकिरी, कुजल्यासारखी होती. बोटानं भुसा बाजूला केला. आत, खोडाच्या अगदी जवळ, नखाएवढी पांढरी टोकं दिसली. नवी. गेल्या दोन दिवसांतली.

"दत्ताभाऊ," ती म्हणाली, "वरची सावलीची जाळी वढा. समदी. आन् धुकं उडवायचे फॉगर चालू करा. मुळं थोडीच हायेत, त्यांना ह्यो उन्हाचा भार झेपत न्हाई. पाणी मी आता कमी करते. दिवसातनं दोनदाच."

दत्तानं चपला काढल्या, पाय औषधाच्या पाण्यात बुडवले आणि जाळीची दोरी ओढायला धावला. दोरी मधेच अडकली तेव्हा तो शिडीवर चढून पत्र्याच्या फटीत हात घालून ती सोडवत होता. हाताला खरचटलं, रक्त आलं, तरी तो उतरला नाही. साडेतीन वाजेपर्यंत पानं हळूहळू पुन्हा वर उचलली गेली. सगळी नाही. बाविसाव्या ओळीपासून पुढची, पश्चिमेच्या उन्हाकडची, तशीच पडून राहिली.

पुढचे आठ दिवस हमीदा दर दोन तासांनी भुसा पिळत होती. घरी जेवताना ती नुसती ताटाकडं बघत बसायची. फिरोज तिच्या ताटात भाकरी वाढायचा. पन्हळीचा आकडा दोन पूर्णांक तीनवर आला. गुरुवारी दत्ता दौंडहून मॅग्नेशियम सल्फेटच्या पिशव्या घेऊन आला आणि स्वतःच उतरवायला लागला. "कुठं ठिवू?" एवढंच त्यानं विचारलं. तिनं दुसऱ्या टाकीकडं बोट केलं.

अकराव्या दिवशी अजीम परत आला आणि पंधराव्या ओळीच्या पाण्यात थेंब टाकायला लागला. या वेळी सोळा लागले. त्याच दिवशी रंगुबाईनं हमीदाला हात धरून सतराव्या ओळीत नेलं. झाडाच्या गाभ्यातून एक पान वर आलं होतं. सपाट, रुंद, कडेपर्यंत हिरवं. हमीदा त्या पानासमोर मटकन खाली बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

शेवटच्या तीन ओळी गेल्या. त्या काढून टाकाव्या लागल्या, आणि त्या कुंड्यांत नवी रोपं एप्रिलमधे लागली. बाकीच्या बारा ओळींना फुलं यायला दीड महिना उशीर झाला. मच्छिंद्रची नोकरी गेली नाही. त्या नोकरीबद्दल कुणी कधी बोललं नाही, पण पुढचे दोन महिने रंगुबाई रोज संध्याकाळी मुलगा कंपनीच्या गाडीतून उतरेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहायची, हे हमीदानं बघितलं होतं. दत्तानं हमीदाला 'चुकलं' असं म्हटलं नाही. तिला एकदोनदा वाटलं, यवतच्या जुन्या कंपनीत परत जावं. पण मारुतरावांनी टाक्यांच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितलं, की इथून पुढं तिला विचारल्याशिवाय एक रोपसुद्धा लागणार नाही. ती राहिली.

मे महिन्यात पाबळकडचे चार-पाच शेतकरी पॉलिहाउस बघायला आले. त्यांनाही कोकोपीटमधे फुलं लावायची होती. दत्ता त्यांना ओळीओळीतून फिरवत होता. शेवटच्या तीन सोडल्या तर सगळ्या ओळी भरून वाहत होत्या, लाल, केशरी, पांढऱ्या.

"हितं एकदा मोठा घोळ झाला व्हता," तो सांगत होता. "ह्या समद्या ओळी जायला आल्या व्हत्या. कुणाला काय कळंना. मग आमच्या भाभींनी शोधून काढलं. भुसा धुवायचा ऱ्हायला व्हता."

रंगुबाई टेबलाजवळ बसून फुलांच्या जुड्या बांधत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "कुणामुळं ऱ्हायला, त्येबी सांगा की पाव्हण्यांना."

पाहुण्यांना काही कळलं नाही, ते दत्ताकडं बघायला लागले. हमीदा सातव्या ओळीत होती. तिनं फूल धरलेला हात तसाच ठेवला.

दत्तानं एकदा रंगुबाईकडं बघितलं, एकदा हमीदाकडं. त्याची मान पुन्हा तशीच लाल झाली.

"माझ्यामुळं," तो म्हणाला. "रोपांची गाडी दारात व्हती, आन् मी घाई केली." मग पाहुण्यांकडं वळून, जरा मोठ्या आवाजात, "गाडी उभी ऱ्हायली तरी चालंल. पर भुसा धुतल्याबगर लावू नका. कसा धुवायचा त्ये भाभींना इचारा, मला न्हाई."

पाहुणे हमीदाकडं वळले. तिनं हातातलं फूल बादलीत ठेवलं आणि ती त्यांना टाक्यांच्या खोलीकडं घेऊन गेली.